विहीर पुनर्भरणाचं काम करून घेतलं: मोर्शी तालुक्यातल्या बागेतला दोन पावसाळ्यांचा अनुभव

विहिरीचं पुनर्भरण, म्हणजे वावरातून वाहणारं पावसाचं पाणी गाळून विहिरीत उतरवायचं काम, करून देणाऱ्या दोघा जणांकडून मी आमच्या वावरात काम करून घेतलं, त्याला आता दोन पावसाळे झाले. ओळखीतले बागवाले फोन करून विचारत असतात, पैसे वसूल होतात का, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते. पाचपैकी गुण द्यायचे तर मी चार देईन. एक गुण रेतीपायी आणि उशिरापायी कापला, ते पुढे येईलच. नाव आणि नंबर मात्र इथं टाकत नाही. दोघंच आहेत, हंगामात आहे तेवढंच काम त्यांच्यानं उरकत नाही, आणि नंबर गावोगाव फिरवू नका असं त्यांनीच सांगितलं आहे. एक अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकलेला मुलगा आहे, दुसरे त्याचे मामा, गवंडीकामातले.

आमच्याकडे साडेचार एकर संत्रा आहे, पाचशे झाडं, बहुतेक आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा. बागेच्या वरच्या अंगाला दोन एकर पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. विहीर ५० फूट खोल, २० फूट व्यासाची, दगडी बांधणीची. सासऱ्यांच्या वेळची ७०० फुटांची एक बोअर आहे, ती आता हिवाळ्यातही तासभर चालत नाही.

वरुड-मोर्शीचं दुखणं काही नवं नाही. संत्र्यानं या भागाला पैसा दिला आणि त्याच संत्र्यानं पाणी ओढलं. वर्षाला जेवढं पाणी जमिनीत भरतं त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर पाणलोट सुरक्षित, ७० ते ९० टक्के अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि शंभराच्या वर गेला की अतिशोषित, असा सरकारी हिशेब आहे. त्या शेवटच्या रकान्यात आमच्या भागाचं नाव वर्षानुवर्षं येत आलं. विहिरी आटल्या म्हणून दोनशे फुटांच्या बोअर झाल्या, त्या आटल्या म्हणून पाचशेच्या, मग आठशे-हजारच्या. राज्याचा भूजल कायदा १ जून २०१४ पासून लागू आहे आणि त्यात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या, खाली जायला मनाई आहे. तरी बोअरच्या गाड्या येतात, बहुतेक रात्रीच्या.

उपशाबद्दल सगळे बोलतात. पाऊस बदलला त्याबद्दलही बोलतात, पण त्या बदलाचा विहिरीशी काय संबंध हे मला या मुलानं समजावून सांगेपर्यंत नीट उलगडलं नव्हतं.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्या सांगतात, "आमच्या वक्ती श्रावणात झड लागे. चूल पेटाची नाही, गोवऱ्या ओल्या. पन वावरातून पानी पयाचं नाही, जिरे तिथंच." मी लग्न होऊन आले तेव्हाच्या झडी मलाही आठवतात. दिवसच्या दिवस बारीक पाऊस, सूर्य दिसायचा नाही, आणि पोळ्यापर्यंत विहीर हाताला लागेल इतकी वर यायची. आता पेरणी झाली की खंड पडतो, पऱ्हाटी माना टाकते, आणि मग एका रात्रीत सगळ्या मंडळात अतिवृष्टीची नोंद होते. महसूलच्या हिशेबात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर म्हणजे अतिवृष्टी. पंचनामे त्याच्यावर होतात, म्हणून हा आकडा आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, ज्यात आपला विदर्भही येतो, दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच काळात पावसाचं एकूण मान मात्र घटलं. अरबी समुद्र तापतो आहे, तिथून येणारे वारे कधी कधी भरमसाट बाष्प घेऊन येतात आणि एकदम रिते होतात. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पडतो तेव्हा पाऊस जोरानं पडतो.

हे पाणी आमच्या जमिनीवर पडतं तेव्हा काय होतं? माती काळी, चिकण. मे महिन्यात भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. पहिला पाऊस त्या भेगा पिऊन घेतात. पण माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जिरायचा वेग एकदम खाली येतो. झडीच्या बारीक पावसाला तेवढा वेग पुरतो. तासाभरात दोन-तीन इंच कोसळलं तर पाणी धुऱ्यावरून (बांधावरून) नाल्यात, नाल्यातून नदीत, सोबत माती घेऊन. आणि मातीच्या खाली आपला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, राज्याचा चार पंचमांश भाग याच दगडाचा. त्याच्या पोटात रेतीसारखी जागा नसते. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या सांध्या-भेगांत. पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा खाली पोचला तरी पुष्कळ, असं तो मुलगा म्हणाला. पाऊस तेवढाच पडून विहीर का भरत नाही, याचं उत्तर मला तिथं मिळालं. वरून ऊन वाढलं की झाडाची तहान वाढते, मोटर जास्त चालते. भरणं घटतं आणि उपसणं वाढतं, दोन्ही एकाच वर्षात.

आता कामाबद्दल.

पहिल्या भेटीचे ते १,५०० रुपये घेतात आणि ते कामात वळते करत नाहीत. आधी मला ते जास्त वाटले. पण त्या भेटीत जे झालं ते पाहून वाटेनासे झाले. मुलगा आला तो विहिरीकडे न जाता आधी चढाकडे गेला. वरच्या दोन एकरांत पावसाचं पाणी कुठून वाहतं, धुरा कुठं फुटला आहे, माती कुठं साचते, हे पाहत चालला. मग खालच्या चुलत दिरांच्या विहिरीवर गेला, तिचं पाणी मोजलं, आणि मगच आमच्या विहिरीत बॅटरी घेऊन उतरला. पायऱ्यांवर उभा राहून त्यानं खडूनं बांधणीच्या खालचे थर आखले. पाच फूट काळी माती, तीन फूट चुनखडीची पांढरी माती, मग २४ फुटांपर्यंत मुरूम, तिथून ३८ फुटांपर्यंत फुटका दगड, आणि त्याखाली अखंड पाषाण. ४६ फुटांवर गेरूसारख्या लाल मातीचा हातभर पट्टा आहे. तो लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधला, चिकण, पाणी सहसा खाली जाऊ न देणारा. विहिरीचे झरे सगळे फुटक्या दगडात, आणि जोराचे झरे वायव्येच्या अंगाला. या घरात आले तेव्हापासून मी त्या विहिरीचं पाणी पिते, पण आतून ती अशी आहे हे मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या भेटीत त्यांनी जमिनीचं सर्वेक्षण केलं. चार लोखंडी खुंट्या, लांब वायर आणि एक पेटी. जमिनीत वीज सोडायची आणि खालचे थर तिला किती अडवतात ते मोजायचं. ओला मुरूम कमी अडवतो, अखंड पाषाण जास्त. याचे ४,००० रुपये. सर्वेक्षणवाले पुष्कळ फिरतात आणि "इथं तीन इंच पाणी आहे" असं छातीठोक सांगतात, म्हणून मी विचारलं, किती पाणी निघेल? तो म्हणाला, "काकू, मशीन पानी नाही दाखवत. दगड दाखवते. पानी किती हाय ते इहीरच सांगते." खड्डा कुठं घेतला म्हणजे पाणी फुटक्या दगडात उतरेल, एवढ्याचसाठी त्यानं ते केलं. पाणाड्याबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही, आमच्या गावातले पाणाडी सज्जन माणूस आहेत. पण त्यांच्याकडे लोक बोअरची जागा विचारायला जातात. पाणी खाली कुठून जाईल, हा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे कुणी जात नाही.

मग बोअरचा विषय निघाला. माझ्या धाकट्या दिरांचं म्हणणं, ७०० फुटांची बोअर रिकामीच आहे, वावराचं पाणी तिच्यातच सोडा, खड्डे खणायचे पैसे वाचतील. दुसऱ्या एका कंत्राटदारानं तसं करून देतो म्हटलंही होतं, निम्म्या पैशात. या मुलानं साफ नाही म्हटलं. "वावराचं पानी मी बोअरमदे नाही सोडत जी. पैशे घेऊनबी नाही." कारण त्यानं असं सांगितलं. विहिरीत पाणी उतरतं ते आधी गाळणीतून, मग मुरमातून. बोअर म्हणजे सरळ नळ. फवारणीचं औषध, युरिया, शेणखताचं धुवण, सगळं गाळल्याशिवाय खोल जाईल, आणि एकदा तिथं गेलं की बाहेर काढायचा उपाय नाही. तीच खोल भेग गावातल्या कुणाच्या पिण्याच्या बोअरला मिळत असेल तर त्यांच्या घरात जाईल. बोअरमध्ये घालायचं तर गोठ्याच्या टिनाच्या छपरावरचं पाणी घाला, तेही गाळून, पहिला पाऊस सोडून. तेवढं त्यानं करून दिलं. पुनर्भरण करून घेणार असाल तर हाच प्रश्न आधी विचारा, वावराचं पाणी बोअरमध्ये सोडाल का? लगेच "हो" म्हणणारा माणूस मी वावरात येऊ देणार नाही.

एकूण खर्च ४६,००० रुपये आला. भेट आणि सर्वेक्षणाचे साडेपाच हजार, जेसीबीचे ११,०००, दगड-गिट्टी-रेतीचे साडेचौदा हजार, पाईप आणि गेटचे ५,००० आणि मजुरीचे १०,०००. रोजगार हमीतूनही विहीर पुनर्भरणाचं काम होतं, ग्रामपंचायतीत विचारून पाहा. मला पावसाआधी काम हवं होतं म्हणून मी खिशातून केलं. हल्लीच्या खोल बोअरला याहून कितीतरी जास्त जातात आणि ती कोरडी निघाली तरी गाडीवाला पैसे घेऊनच जातो.

त्यांनी बांधलं ते असं. वरच्या वावराचं पाणी जिथं एकवटतं तिथं आडवा चर, ८ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २ मीटर खोल. म्हणजे एका भरीला ४८,००० लिटर. त्याच्या खालच्या टोकाला २ मीटर लांबी-रुंदीचा गाळणीचा खड्डा. तळाशी मोठे दगडगोटे, त्यावर जाड गिट्टी, मग बारीक गिट्टी, आणि वर दीड फूट जाड रेती. खड्ड्याच्या तळातून सहा इंची पाईप विहिरीत. पाईप भिंतीपासून दोन फूट पुढं काढला आहे, नाहीतर पडणारं पाणी बांधणी पोखरतं. चराच्या आधी लोखंडी गेट आहे. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडायचे, आणि फवारणी झाल्यावर लगेच पाऊस आला तरी गेट उघडायचं नाही.

मी इतर ठिकाणची कामं पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी फक्त गाळणीचा खड्डा असतो, चर नसतो. झडीच्या काळात तेवढं चाललं असतं. रेतीतून पाणी आपल्या चालीनं उतरतं. अर्ध्या तासात ढगफुटीसारखं पाणी आलं तर खड्डा भरून वरून वाहतो आणि मालकाला वाटतं पुनर्भरण झालं. आमच्या इथं आधी चरात पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, आणि पाऊस उघडल्यावर रात्रभर पाईप चालू राहतो. आताचा पाऊस कसा पडतो ते पाहून माप धरलेलं काम आहे हे, आणि चार गुणांतले दोन मी एकट्या त्या चराचे देते.

आता तक्रार. मेमध्ये येतो म्हणाले आणि जूनच्या अखेरीस आले. जेसीबी मिळत नव्हता हे खरं, पण सांगायला तरी फोन करायचा. घाईत रेती आणली ती बारीक निघाली. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला, मी छत्री आणि बॅटरी घेऊन गेले, तर चर काठोकाठ आणि पाईपातून करंगळीएवढी धार. बाकीचं सगळं सांडव्यावरून नाल्यात. सकाळी पाणी ओसरल्यावर रेतीवर हात फिरवला तर वर दह्याच्या सायीसारखा काळसर, गुळगुळीत थर. फावड्यानं तो खरवडला तर खालची रेती कोरडी होती. एवढ्या पाण्याखाली राहून कोरडी! गाळाच्या त्या पापुद्र्यानं सगळं अडवलं होतं. हंगामात त्यांचा फोन लागता लागत नव्हता. लागला तेव्हा मात्र मामा स्वतः आले, रेती पाहिली, काही बोलले नाहीत, आणि जाड रेतीची ट्रॉली स्वतःच्या पैशानं आणून बदलून दिली. तोवर मोसमातला सगळ्यात चांगला पाऊस वाहून गेला होता, तो काही परत आला नाही. करारात रेतीचा प्रकार लिहून घ्या. जाड, धुतलेली, माती न लागलेली. मुठीत दाबून सोडली की हात स्वच्छ राहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्यांनी कागदावर घातलेली नाही. वरची चार बोटं रेती दर पावसाळ्यात काढून धुवावी लागते आणि चरातला गाळ उपसावा लागतो. ते आपल्यालाच करायचं आहे. आमचा सालदार आणि मी एका सकाळीत करतो. गाळ मी झाडांच्या आळ्यात टाकते, आपल्याच वावराची ती सुपीक माती आहे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पैसे घालू नयेत. न धुतलेली गाळणी तिसऱ्या वर्षी नुसता खड्डा होते.

सगळ्यात जास्त उपयोग मला ज्या गोष्टीचा झाला ती त्यांनी फुकट दिली. विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण, वजन लावलेली मोजपट्टी आणि एक वही. खुणेपासून पाण्यापर्यंत अंतर मोजायचं आणि तारखेसह लिहायचं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तेच महिने त्यानं मला धरायला सांगितले, म्हणजे सरकारी आकड्याशी पडताळता येईल. चुलत दिरांच्या विहिरीवरही खूण करून दिली. तिथं पुनर्भरण नाही, अंतर सव्वाशे मीटर, थर तेच.

या वहीतून जे निघालं ते असं. दुसऱ्या पावसाळ्यात, रेती बदललेली असताना, एका मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत आमची विहीर २.१ मीटर वर आली, त्यांची ०.९ मीटर. मला फार बरं वाटलं. ऑक्टोबरात फरक निम्म्यावर आला होता. जानेवारीत आमचं पाणी ७.२ मीटरवर, त्यांचं ७.४ वर. मार्चमध्ये दोन्ही सारखंच, १०.३. मी मुलाला फोन केला, म्हटलं दादा, हे काय? माझं पाणी गेलं कुठं? तो म्हणाला, "तुमच्या नावानं नाही राहत ना ते काकू. खाली दगड एकच हाय. उताराकडे पसरते." दोन विहिरींच्या मधल्या फुटक्या दगडातून ते हळूहळू खाली सरकलं होतं.

हे ऐकून काही जण म्हणतील, मग मी कशाला खर्च करू? मी चुलत दिरांना वही दाखवली. ते बराच वेळ पानं पाहत बसले. त्या वर्षीच्या रेतीचे पैसे त्यांनी दिले, मी मागितले नव्हते. आता त्यांच्या धुऱ्यावरही चर घ्यायचं ठरलं आहे. एकाच थरातल्या विहिरींचं असंच आहे. एकानं भरलं तर थोडं थोडं सगळ्यांकडे जातं, आणि एकानं आठशे फुटांवरून ओढलं तर वरच्या भेगा त्या बोअरला जिथं मिळतात तिथं सगळ्यांचं उतरतं. कुणी एकट्यानं चाळीस-पन्नास हजार घालून आपल्या विहिरीला मे महिन्यात तुडुंब पाहायची आशा धरली असेल तर ती पुरी होणार नाही.

मेची नोंद म्हणाल तर काम करायच्या आधी १३.७ मीटर होती, दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या मेमध्ये १२.६. पण दोन्ही वर्षांचा पाऊस सारखा नव्हता, म्हणून हा सगळा फरक पुनर्भरणाचा असं मी म्हणणार नाही. मोटर मात्र आधी वीस-पंचवीस मिनिटांत हवा ओढायची, आता चाळीस मिनिटं चालते.

पैसे घ्यायच्या आधीच त्या मुलानं वहीच्या पहिल्या पानावर एक हिशेब मांडून दिला होता. दोन एकरांवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. मोठं झाड मे महिन्यात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास पितं. पाचशे झाडांचे ७५,००० लिटर. म्हणजे तो आख्खा पाऊस थेंबही न सांडता विहिरीत गेला तरी बागेचं पाच-सव्वापाच दिवसांचं पाणी. प्रत्यक्षात त्यातलं थोडंच वाहून चरापर्यंत येतं. मोसमात असे मोठे पाऊस मोजकेच होतात. "आठवडा-पंधरा दिवस मिळतील उन्हाळ्यात. त्याच्यावर कोनी सांगितलं तर नका ऐकू," तो म्हणाला. काम विकायला आलेला माणूस स्वतःच्या कामाची मर्यादा आधी सांगतो, हे मी शेतीच्या धंद्यात फार कमी पाहिलं. आठवडा-पंधरा दिवस म्हणजे मात्र थोडं नव्हे. नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, आंब्याएवढं ऊन पेलत नाही संत्रा, फळगळ तेव्हाच होते. त्या दिवसांत टँकर आणावा लागला नाही तर माझे ४६,००० दोन-तीन उन्हाळ्यांत निघून येतात.

त्या हिशेबामुळेच बागेत आम्ही बाकीचे बदल केले. डिंक्या रोगानं गेलेली चाळीस झाडं काढली आणि तिथं पुन्हा लावली नाहीत. ठिबकाला दुहेरी नळ्या केल्या, पाणी खोडाजवळ न देता फांद्यांच्या घेराखाली. आळ्यात गवत आणि कुटाराचं आच्छादन. शंभर झाडं मृग बहारावर, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहारावर, नेली, कारण त्याला मे महिन्यात ताण द्यायचा असतो, पाणी नाही. त्यात जोखीम आहेच, मृग कोरडा गेला आणि जुलैत खंड पडला तर बहार फुटत नाही. पण निदान सगळी बाग एकाच उन्हाळ्याच्या भरवशावर नाही.

पाण्याची तपासणी हे लोक करत नाहीत. मी दुसऱ्या पावसाळ्यानंतर विहिरीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत दिला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आमचं ३१ आलं. दर वर्षी तपासणार आहे. वावराचं पाणी विहिरीत घेणाऱ्यांनी ते पाणी पिऊ घालण्याआधी तपासलंच पाहिजे, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

सगळीकडे हेच काम चालणार नाही, तेही सांगते. माझी बहीण दर्यापूरकडे दिली आहे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिनं विचारलं तेव्हा मुलानं काम घेतलं नाही. तिथं खालचं पाणीच खारं, त्यात गोडं घालून काढताना खारंच येईल, तुम्ही शेततळं करा म्हणाला. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-रेतीचा बझाडा पट्टा आहे, तिथं पाणी आमच्यापेक्षा कितीतरी झपाट्यानं उतरतं, पण चराचं माप आणि खोली वेगळी लागेल. आणि पांढरकवडा-झरीकडच्या नातेवाइकांनी विहिरी सोडून खोल बोअरचं पाणी प्यायच्या आधी फ्लोराईड तपासून घ्यावं, मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. पोरांच्या दातांवर डाग दिसायला लागल्यावर तपासून उपयोग नाही.

ज्यांची विहीर फुटक्या दगडात आहे, वर थोडा चढ आहे आणि दरवर्षी रेती धुवायची तयारी आहे, त्यांनी हे काम करून घ्यावं. शेजारच्या दोन-तीन विहिरीवाल्यांना सोबत घेता आलं तर जेसीबीचा खर्च वाटला जातो आणि पाणी कुणाकडे सरकलं याचा वादही उरत नाही. सर्वेक्षण हिवाळ्यात करून घ्या, तेव्हा या लोकांना वेळ असतो आणि झरेही दिसतात. चराचं खोदकाम तूर निघाल्यावर लगेच. रेती मार्चपर्यंत वावरात येऊन पडली पाहिजे, मे लागला की भाव चढतो आणि मिळते ती मातीची.